बिनखिळ्याचं घर

फलटणच्या त्या सागवानी घरात मानसं लय राहिली, पण घर काय चीज हाय ते एकालाबी कळलं न्हाई. माझ्या आज्यानं, ज्योतिबा सुतारानं, ते एकपण खिळा न मारता उभं केलं. खाच आन् खुंटी, बस्स. मीबी सुतारच, म्हणून मला बोलायचा हक्क हाय.

ज्यानं बांधून घेतलं त्या नानासोनं कोरीव खांबांना म्हशी बांधल्या. त्याचा पोरगा मिलिटरीतनं सुभेदार होऊन आला आन् खांब, तुळया, दारं, समदं हिरव्या ऑइलपेंटात बुडवलं. मला म्हणतो, "आकाराम, आता कसं रुबाबदार दिसतंय!" कप्पाळ तुझं! त्याच्यामागं शिकवणीवाला भाड्यानं आला. त्यानं फ्लेक्स लावायला पहिला खिळा मारला. मी भांडाय गेलो तर म्हणतो, "आवं, लाकूडच हाय की!"

शेवटी सुभेदाराच्या पोरानं, ऋषिराजनं, घर उतरवायला काढलं. शिरवळला हायवेवर त्याचं हॉटेल, तिथं परत उभं करायचं. "नाहीच जमलं, तर लाकूड फाडून सोफे करू," म्हणाला. जीभ हासडावी वाटली. पण आज्याचं घर उभं ऱ्हायला पायजे, म्हणून मी काम घेतलं.

महिनाभर एकेक सांधा सोडवला. आज्याची रीत अशी, की प्रत्येक खुंटी आपल्याच खाचंत बसती, दुसरीकडं न्हाई. म्हणून जोडीजोडीला पटाशीनं सारख्या खुणा केल्या. एक रेघ, दोन रेघा, फुली. ऋषिराजला बजावलं, "ह्यांना हात लावायचा न्हाई."

लाकूड शिरवळला गेलं, आन् तिकडं पाया भरंपर्यंत पंधरा दिस मी घरी थांबलो. शिरवळला गेलो तर लाकडाचा ढीग चकाचक! हिरवा रंग काढायला गड्यानं मशीन लावलं होतं. खुणा गेल्या, सांध्यांची टोकंबी घासून निघाली.

"काका, लय चरे पडले होते. सगळे क्लीन करून घेतले," ऋषिराज छाती फुगवून म्हणाला.

अरं गाढवा! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला वाटलं, भुसा गेला.

आठ दिवस जुळवत बसलो. निम्म्या खुंट्या ढिल्या, निम्म्या कुठल्या ते कळंना. नवव्या दिवशी सोफेवाल्याचा टेम्पो आवारात येऊन थांबला. ऋषिराज म्हणाला, "काका, आज उभं करताय, का टेम्पो भरू?"

मी खिळे मागवले.

उद्घाटनाला दाराशी पाटी होती, 'शंभर वर्षांचं घर, एकही खिळा नाही.' माइकवर माझं नाव पुकारलं. शाल, नारळ, टाळ्या. जन्मभर मी नानासोला नावं ठेवली, सुभेदाराला हसलो, शिकवणीवाल्याला शिव्या घातल्या. त्यानं बिचाऱ्यानं एक खिळा मारला होता. मी चारशे मारले, आन् खाली मान घालून शाल घेतली.