उजेडात धरलेलं पाकीट

ऑपरेशन थिएटरमध्ये सगळे तिला पंपबाई म्हणत. हृदय थांबवून शस्त्रक्रिया चालते, तेवढा वेळ हृदयाचं आणि फुप्फुसांचं काम करणारं यंत्र ती चालवायची. बावीस वर्षं तिने माणसांचं रक्त प्लॅस्टिकच्या नळ्यांतून फिरवून ज्याचं त्याला परत केलं होतं. पण नळ्यांतून फिरून आलेलं रक्त पाहून काहींचं शरीर बिथरतं, स्वतःवरच तुटून पडतं. अंगभर सूज येते, मूत्रपिंडं हात टेकतात. तिचे वडील असेच गेले. चौथ्या दिवशी त्यांच्या सुजलेल्या बोटातली अंगठी कापून काढावी लागली. ते दोन तुकडे तिने डबीत जपून ठेवले होते.

म्हणून शस्त्रक्रिया करणाऱ्या मोठ्या डॉक्टरांनी गाळणीची चाचणी काढली, तेव्हा पहिला हात तिचा वर गेला. गाळणी म्हणजे पेल्याएवढं नळकांडं, आत बारीक मणी. सूज चेतवणारी द्रव्यं रक्तातून निघून त्या मण्यांना चिकटावीत, ही अपेक्षा. निम्म्या रुग्णांना ती लावायची, निम्म्यांना नाही. कुणाला, हे ओळीने उघडायच्या बंद पाकिटांतली चिठ्ठी ठरवणार. बाबा वाचले असते का, एवढंच तिला हवं होतं. हो किंवा नाही. तिला दोन्ही चाललं असतं.

एक्क्याऐंशी रुग्ण झाले. निकाल इतके झकास की मोठ्या डॉक्टरांनी परिषदेतल्या भाषणाची तालीम सुरू केली. गाळणीवाले पाचव्या दिवशी जिने चढत होते. पण गाळणीवाले बहुतेक धडधाकट आणि बिनगाळणीवाले आधीच मोडकळीला आलेले, हे तिला खुपत होतं. चिठ्ठीला माणसाची तब्येत कळते की काय?

बुधवारी दोन शस्त्रक्रिया होत्या, आधी एका थकलेल्या आजोबांची, मग एका तरण्या ड्रायव्हरची. सकाळी ती एक्स-रे पाहायच्या खोलीत शिरली. मोठे डॉक्टर भिंतीवरच्या उजेडाच्या पाटीला पाकीट लावून वाचत होते.

“यात गाळणी आहे,” ते निवांत म्हणाले. “आजोबांवर वाया जाईल. ड्रायव्हरला आधी घेऊ.”

“मग सर, पाकिटं कशाला?”

“अहो बाई, मला कळतं ना कुणाला उपयोग होईल ते. पहिल्या पाकिटापासून बघतोय. कुणाचं काही बिघडलं?”

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिने लेखी तक्रार केली. चाचण्यांवर देखरेख करणाऱ्या समितीची बैठक झाली. समितीने तिच्या दक्षतेचं कौतुक केलं आणि यापुढे जाड पाकिटं आणायचं एकमताने ठरवलं. आधीच्या एक्क्याऐंशींचं काय, असं तिने विचारलं, तेव्हा झालं ते झालं म्हणाले.

प्रत्येक रुग्णाची यंत्राची नोंद तिच्या सहीची असे आणि त्यात शेऱ्याची एक चौकट असे. बावीस वर्षांत तिथे कुणी काही लिहिलं नव्हतं. तिने एक्क्याऐंशी वेळा तारीख घालून लिहिलं: पाकीट आधी उजेडात पाहिल्याचं चाचणीच्या प्रमुखांनी स्वतः सांगितलं. एक्क्याऐंशी सह्या केल्या. एकही आकडा कामाचा उरला नाही. तिच्यासाठीसुद्धा.

मोठे डॉक्टर तिला व्हरांड्यात गाठून म्हणाले, “एका चांगल्या उपचाराचा गळा घोटलात तुम्ही.”

“चांगला आहे का, तेच बघायचं होतं ना?” ती म्हणाली. “एवढ्या माणसांनी छाती उघडून दिली तुम्हाला. आणि मी अजून जिथल्या तिथे.”

सहा महिन्यांनी चाचणी पुन्हा एकपासून सुरू झाली. प्रमुख अर्थातच मोठे डॉक्टर. फक्त यावेळी रुग्णाचं नाव आधी लिहायचं, पाकीट मग, आणि पाकिटांच्या आत पंपबाईने स्वतः बसून चंदेरी कागद भरला होता. पहिल्या दिवशी फळ्यावर एका म्हाताऱ्या शिक्षिकेचं नाव लागलं. मोठ्या डॉक्टरांनी पाकीट उचललं आणि सवयीने पाटीला लावलं. काळं दिसलं. त्यांनी ते फिरवून लावलं. तिकडूनही काळंच.

“एवढा अविश्वास?” ते म्हणाले.

“हो,” ती म्हणाली. त्यांच्या हातातून तिने पाकीट घेतलं, तिथेच फाडलं, चिठ्ठी वाचली आणि गाळणी आणायला निघाली.