काचेचे पैसे

स्टुलावर चढून बुद्धभूषणनं बाबासाहेबांचा फोटो दोन्ही हातांनी उचलला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की हा आता द्यायचा कुणाकडं हे आपण ठरवलेलंच नाही. खाली पेंटर डबा ढवळत होता. त्याचे हात कोपरापर्यंत रंगानं माखलेले. बायको आतल्या दारात उभी होती, पण ती हात पुढं करीना.

"आईंना विचारलंय?" तिनं विचारलं.

"रंगापुरता काढतोय गं. त्यात काय विचारायचं?"

तिनं फोटो घेतला, पदरानं फ्रेमवरची धूळ पुसली आणि तो परत त्याच्याच हातात देऊन ती स्वयंपाकघरात निघून गेली. आता रंगापुरता काढलेला फोटो माणूस कुठं ठेवतो? टेबलावर ठेवतो, पलंगावर ठेवतो. बुद्धभूषणनं तो जुन्या चादरीत गुंडाळला आणि आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटामागं, भिंतीला लावून उभा केला. वर आणखी एक घडीची खुर्ची आडवी लावली.

राजारामपुरीतला हा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट त्याच्या वडिलांनी घेतलेला. ज्ञानू कंडक्टर म्हणून सगळा एसटी स्टँड त्यांना ओळखायचा. घर ताब्यात आलं त्याच वर्षी ते नागपूरला जाऊन हा फोटो घेऊन आले होते. सबंध प्रवासात मांडीवर धरून आणला, वरच्या फळीवर ठेवू दिला नाही. ते जाऊन आता चार वर्षं झाली होती. आई, मीनाबाई, दोन्ही गुडघ्यांनी अधू. बिल्डिंगला लिफ्ट नाही. महिन्यातून एकदा दवाखान्याला तेवढी खाली उतरायची, आणि वर येताना प्रत्येक मजल्यावर पायरीवर बसून घ्यायची. "एकदा जमिनीवर ऱ्हायला मिळू दे रं बाबा," एवढंच तिचं मागणं. म्हणून त्यानं कळंब्याला तळमजल्याचं घर ठरवलं होतं, इसार दिला होता. उरलेली रक्कम ऑगस्टअखेर भरायची. त्याच्या आत हा फ्लॅट गेला नाही, तर इसारही बुडणार आणि आई तिसऱ्या मजल्यावरच राहणार.

आणि फ्लॅट काही जाईना. चार पार्ट्या येऊन गेल्या. तिसऱ्या पार्टीतल्या बाईनं हॉलमध्ये पाऊल टाकलं, भिंतीकडं बघितलं, आणि पुढ्यात आलेल्या चहाला हातसुद्धा लावला नाही. "उपास आहे," म्हणाली. बुधवारी कसला आला होता उपास! चौथं जोडपं तरुण होतं. बँकेतला माणूस आणि त्याची बायको. तो फोटोपुढं बराच वेळ उभा राहिला. मग त्यानं बायकोकडं बघितलं आणि तिनं मान खाली घातली. "कळवतो," एवढं बोलून दोघं गेले. पंधरा दिवस झाले, कळवलं काही नाही. चहा न पिणारी बाई बुद्धभूषणनं पचवली होती. पाटबंधारे खात्यात अठरा वर्षं काढलेल्या माणसाला असले न प्यालेले चहा नवे नव्हते. पण ते एकमेकांकडं बघणं त्याला फार लागलं. पोरं शिकली सवरली, बँकेत लागली, तरी नजर तीच!

एजंट आकाराम त्याच आठवड्यात आला. सोफ्यावर ऐसपैस बसला आणि म्हणाला, "साहेब, रंग मारून घ्या. पडदं बदला. पोरगी दाखवायची तर तिला जरा नटवायला नगो?"

"आणि खर्च?"

"आता काय सांगायचं! पोरगी नटवायचा खर्च कुणाचा? पोरीच्या बापाचाच की." मग जरा आवाज उतरवून म्हणाला, "आन् भिंत तेवढी मोकळी ठेवा. माझं काय बी म्हणणं न्हाय बघा. गिऱ्हाईकाचं सांगतोय."

बुद्धभूषणला तेव्हाच त्याला जिन्यावरून खाली पाठवता आलं असतं. तसं त्यानं नंतर कितीतरी वेळा मनातल्या मनात केलंही. पण त्या वेळी तो म्हणाला, "बघतो." लाजिरवाणी गोष्ट ती हीच, की त्याला राग आला नाही. उलट हायसं वाटलं. आपल्या मनातलं दुसऱ्यानं बोलून दाखवलं, म्हणजे पाप दोघांत वाटून गेलं.

खर्चावरून बहिणीशी मात्र वाजलं. संघप्रिया चंदगडला सरकारी दवाखान्यात नर्स. फोनवर ती पावसाच्या आवाजावर ओरडून बोलत होती.

"नवं घर तुझ्या नावावर हुणार, आन् ह्यो नटवायचा निम्मा खर्च माझ्या डोक्यावर व्हय?"

"किंमत जास्त आली तर निम्मी तुलाच मिळणार हाय की! मग खर्च माझ्या एकट्याचा कसा?"

"रंगानं घर विकतंय व्हय रं? आबा असतं तर म्हणालं असतं, हाय तसं दाखवा, घ्यायचं त्यो घेतोय."

"आबा न्हाईत आता," तो म्हणाला. शेवटी ती निम्म्याला तयार झाली आणि वास सोसणार नाही म्हणून रंगाचे आठ दिवस आईला आपल्याकडं घेऊन गेली. भिंत मोकळी ठेवण्याचं त्यानं बहिणीला सांगितलं नाही. त्याला खर्च थोडाच होता!

आठव्या दिवशी चंदगडच्या गाडीनं मीनाबाई परत आली. स्टँडवरून रिक्षानं आणून, मजल्यामजल्यावर बसवत त्यानं तिला वर नेलं. दारात ती थबकली. धाप खाली बसेपर्यंत नुसती बघत राहिली. फिकट बदामी भिंती, नवे पडदे, आणि समोर बाईच्या बिनकुंकवाच्या कपाळासारखी कोरी जागा.

"फोटो कुठं हाय?"

"काचेला दिलाय," तो म्हणाला. आधी ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. "काढताना काच फुटली. बसवून मिळंल चार-आठ दिवसांत."

"लागलं न्हाई न्हवं कुणाला?"

"न्हाई."

ती खुर्चीवर बसली. कनवटीची पिशवी सोडली, घड्या घालून ठेवलेल्या नोटा काढल्या आणि त्याच्यापुढं धरल्या.

"कशाला गं आई?"

"काचेचं. रंगाचं काय ती तुम्ही भावंडं बघा, तुमचं घर, तुमचा येव्हार. पर काचेचं पैसं माझं. ती घराच्या खर्चात धरायचं न्हाई. ती काय घर इकायसाठी केल्याली गोष्ट न्हाई."

त्यानं नको म्हणून बघितलं. ती हात मागं घेईना. स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती, तिच्याकडं बघण्याची त्याची छाती झाली नाही. त्यानं नोटा घेतल्या आणि सदऱ्याच्या खिशात घातल्या. दुसऱ्या दिवशी सदरा बदलताना त्या काढून नव्या सदऱ्यात घातल्या. कपाटात ठेवायचं धाडस होईना, खर्च करायची तर बातच नको.

आई पुढं काही विचारीना. काय झालं, कुठल्या दुकानात दिला, कधी मिळणार, काही नाही. रोज सकाळी फोटोपुढं हात जोडायची तिची सवय. आता ती कोऱ्या भिंतीपुढंच हात जोडायची आणि तो दाढी करायला आरशात तोंड घालून बसायचा. दोनदा त्याच्या मनात आलं, आज संध्याकाळी काढू आणि लावून टाकू. आणि दोन्ही वेळा ऑगस्ट महिना आठवला.

शनिवारी आकारामचा फोन आला. "साहेब, बँकवालं परत येत्यात! उद्या धा वाजता. बघा, म्हणालो न्हवतो?"

रविवारी तो त्या जोडप्याला घेऊन आला तेव्हा लग्नघरच्या मध्यस्थासारखा पुढंपुढं करत होता. बँकेतला माणूस हॉलच्या मधोमध उभा राहिला. त्यानं पडदे बघितले नाहीत, खिडकी बघितली नाही. भिंतीकडं बघितलं आणि बायकोकडं बघितलं. तसंच बघितलं, मागच्या खेपेसारखं.

"साहेब, निवांत बघा आता," आकाराम म्हणाला. "मागल्या खेपेला तुमच्या डोळ्यांत जे सललं असंल ते बी काढलंय."

"काय सललं?"

"तेच की वो. फोटो."

बुद्धभूषणच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. 'नाही, तसं नाही' असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. कारण तसंच होतं.

तेवढ्यात भिंतीला धरत मीनाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"काढला न्हाई वो पावणं," ती म्हणाली. "काच फुटलीया. माझ्याच हातनं. पुसाय गेले आन् हात घसरला. म्हातारपण, दुसरं काय! काच बसवाय दिलाय, यील दोन दिसांत."

बँकेतल्या माणसाची बायको खुर्चीवरून उठली. तिनं हात जोडले.

"जयभीम, आई."

मीनाबाईनं तिच्याकडं नीट बघितलं. "जयभीम गं लेकी. बस, बस. चा टाकलाय मी."

आकाराम इकडून तिकडं बघत राहिला. मग त्यानं खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं.

त्या माणसाचं नाव प्रसेनजीत. बायको सोनम. आकारामला फोनवर त्यांनी 'बँकेतून बोलतोय' एवढंच सांगितलं होतं. "पाच घरं बघितली," प्रसेनजीत चहाचा घोट घेत म्हणाला. "आडनाव सांगितलं की मालकाची किल्ली हरवते, नाहीतर घर कालच गेलेलं असतं. म्हणून आम्ही आता आधी काही बोलतच नाही. इथं दारातून आत आलो आणि समोर बाबासाहेब दिसले. ही खाली गेल्यावर जिन्यातच रडायला लागली. म्हणाली, इथं आपल्याला कुणी काही विचारणार नाही. कर्जाच्या कागदांत महिना गेला, नाहीतर दुसऱ्याच दिवशी आलो असतो."

"आज भिंत बघून घाबरले मी," सोनम म्हणाली. "वाटलं, घर दुसऱ्या कुणी घेतलंच की काय."

व्यवहार ठरायला पाव तास लागला नाही. आकाराम तेवढ्यात सावरला होता. "रंगाला बी बराच खर्च आलाय साहेब, त्यो जरा धरावा लागंल," म्हणाला.

"रंग नसता तरी चाललं असतं," प्रसेनजीत हसून म्हणाला. "आम्ही होतं तसंच घेणार होतो."

त्याच्या बोलण्यात टोचणी नव्हती. असती तर बरं झालं असतं, बुद्धभूषणला वाटलं. शिवी दिली असती तर ऐकून घेता आली असती. त्याला चांगुलपणाच सोसेना. त्यानं मान खाली घालून, रंगाचा खर्च धरायचा नाही, असं सांगितलं.

ती मंडळी गेल्यावर त्यानं चंदगडला फोन लावला. घर गेलं, म्हणून सांगितलं. संघप्रिया आनंदानं ओरडलीच. मग म्हणाली, "बरं, रंगाचं माझं निम्मं कवा पाठवू?"

"राहू दे ते."

"का रं? एवढा भांडलास न्हवं?"

"ते माझंच होतं," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

मीनाबाई कप गोळा करत होती. त्याच्याकडं न बघताच म्हणाली, "भूषण, आज दुकान उघडं असंल न्हवं? काच बसवून आण जा."

त्याचा हात सदऱ्याच्या खिशातल्या नोटांवर गेला.

"त्या सोनमला मी सांगितलंया, काच फुटलीया म्हणून. जन्मात पैल्यांदा बाबासाहेबांच्या फोटोवरनं खोटं बोलले. तेवढं खरं करून आण."

तो आतल्या खोलीत गेला. खुर्ची बाजूला केली, कपाटामागं हात घातला. त्यानं गुंडाळलेली जुनी चादर तिथं नव्हती. फोटो स्वच्छ धुतलेल्या पांढऱ्या लुगड्यात होता, विहारात जाताना आई नेसायची त्या. कडेच्या घड्या व्यवस्थित आत मोडलेल्या. बुद्धभूषण त्या कपाटाशीच खाली बसला. किती दिवस झाले असतील, हे मोजायचा प्रयत्न त्यानं केला आणि सोडून दिला.

फोटो छातीशी धरून तो तीन मजले उतरला. तिसऱ्या गल्लीतल्या फ्रेमवाल्यानं लुगडं हळूच बाजूला केलं, फोटो उजेडात धरला, काचेवर टिचकी मारून बघितली.

"काय झालंय ह्याला?"

"काच बदलायची."

"काच तर धडधाकट हाय की! एक चरा न्हाई."

"तरी बदला."

"आवं, उगाच कशाला पैसं घालताय पावणं?"

बुद्धभूषणनं खिशातून आईच्या नोटा काढून काउंटरवर ठेवल्या. "आईनं सांगितलंय."

फ्रेमवाला हसला. जुना माणूस, समजावणीच्या सुरात बोलला, "वयस्कर माणसं, त्यास्नी धड दिसत न्हाई. घरला जाऊन सांगा आईस्नी, काच फुटल्याली न्हाई म्हणून."

"तिला म्हाईत हाय," बुद्धभूषण म्हणाला.