सहा स्पीकरची वाटणी

उदगीरजवळच्या एका गावात संगप्पा आणि मलप्पा हे दोघं सख्खे भाऊ चार वर्षांपासून एकमेकांशी बोलत नव्हते. घराची बैठक मधोमध भिंत घालून तोडलेली. पुढचा भाग थोरल्या संगप्पाचा, मागचा मलप्पाचा. भिंतीत एक दार होतं, पण त्याला दोन्हीकडून कड्या. बोलणं नसलं तरी न्याय मात्र कडक. सोयऱ्यानं आंब्याची पाटी धाडली तरी उंबऱ्यावरच दोन ढीग व्हायचे. असल्या न्यायाचं गावाला फार कौतुक. जळो ते कौतुक.

अशा घरात सृष्टीचं खोकं आलं. सृष्टी संगप्पाची लेक, हैदराबादेत सिनेमासाठी आवाज तयार करते. माणसांचं बोलणं नव्हे; पाऊल, पाऊस, वारा. "पोरगी पाऊस पाडायच्या नोकरीला हाय म्हणं," असं म्हणत पारावर दात काढणारे लई होते. त्यातल्या एकालाही स्वतःचा हात हलवायची नोकरी नव्हती, ते सोडा. रविवारी दुपारी तिचा पहिला सिनेमा टीव्हीवर लागणार होता. बापानं आपलं काम कानानं ऐकावं म्हणून तिनं नवा टीव्ही, स्पीकर चालवायचं मशीन आणि सहा स्पीकर पाठवले, आणि बसवायला नांदेडच्या दुकानातला अम्मार.

आलं म्हणजे वाटणी आलीच. मलप्पाकडं टीव्ही होता, म्हणून नवा टीव्ही आणि मशीन संगप्पाकडं, स्पीकर तीन-तीन. मलप्पाच्या बायकोनं, महामायानं, सगळ्यात जड डबा आधी उचलला. तो धडधड करणारा वूफर. शिवाय 'मागचे' असं लिहिलेले दोन स्पीकर घेतले, कारण मागचं घर त्यांचं.

अम्मार ड्रिल हातात घेऊन बघतच राहिला. "चाचा, हे सगळं मिळून एकच चीज हाय. बाजेचे पाय कुणी वाटून घेतंय का?"

"आमच्यात घेतलेत," संगप्पा म्हणाला. "तुम्ही वायर लांब घ्या."

"त्यांना सांगा, भोक त्यांच्या बाजूनं पाडा, आमचा रंग नवा हाय," पलीकडून मलप्पा ओरडला.

"त्यांना सांगा, ऐकू आलं," संगप्पा म्हणाला.

अम्मारनं कुणालाच काही सांगितलं नाही. भिंतीला भोक पाडलं, वायर ओढली आणि घाम पुसत बसला. संगप्पाच्या बायकोनं, शिवकांतानं, त्याला जेवू घातलं. उदगीरच्या बसला अवकाश होता.

सिनेमा लागला. संगप्पा धुतलेलं धोतर नेसून समोर बसला. पडद्यावर एक बाई पावसात पळत होती. पाऊस दिसत होता, ऐकू येत नव्हता. बाई बोलली की लख्ख ऐकू यायचं, मग पुन्हा सामसूम. हीच का पोरीची नोकरी? पारावरची माणसं खरं बोलत होती का? त्यानं आवाज वाढवला. बाई नुसतीच जोरात बोलायला लागली.

"अगं, हिचं काम कुठंय ह्यात?"

"मला काय कळतंय? तुम्हीच म्हणला, लेकीचं ऐकायचंय," शिवकांता म्हणाली.

अम्मार हात धुऊन आला. "चाचा, पाऊस-वारा मागच्यांत येतो. मागचे तिकडं. तुमची पोरगी भिंतीपल्याड हाय."

संगप्पा उठला. चार वर्षांत पहिल्यांदा त्यानं आपल्या बाजूची कडी काढली. दार वाजवलं. पलीकडची कडी लगेच निघाली, जणू कुणी तिच्यावर हात ठेवूनच उभं होतं.

आत वेगळाच गोंधळ. महामाया ऐन एप्रिलात कोरड्या छताखाली घमेली मांडत होती. मलप्पा काठी घेऊन कपाटामागं बघत होता.

"दादा, घरात कुणीतरी चालायलंय," तो म्हणाला. आपण बोललो, हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. "अर्धा तास झाला. पाऊस पडतोय, थेंब न्हाई. पावलं वाजतेत, माणूस न्हाई."

संगप्पानं कान दिला. पाऊस पत्र्यावरनं मातीवर उतरत होता. कुणीतरी चिखलातनं जड पायानं जवळ येत होतं. त्याच्या अंगावर काटा आला. पण कोण येतंय? कशाला? टीव्हीतला चेहरा बघायला तो दारातनं आपल्या घरात वाकला, तर पाऊस मागं राहिला. पुन्हा पावसाकडं वळला, तर बाई काय म्हणाली ते हुकलं.

"ही आपल्या सृष्टीची पावलं हायत," तो भावाला म्हणाला.

"सृष्टी हैदराबादेत हाय ना?"

"तिनं केलेली रे."

"पायानं?"

"आता ते मला काय ठाऊक!"

दोघंही दारात उभे राहिले. अर्धं इकडं, अर्धं तिकडं. मलप्पा विचारायचा, आता काय झालं? संगप्पा सांगायचा, बाई रडतीय. मलप्पा सांगायचा, इकडं कुत्रं भुंकतंय. कुत्रं कुणाचं, ते दोघांनाही शेवटपर्यंत कळलं नाही.

सिनेमा संपला तसा फोन आला.

"बाबा, ऐकलं का?"

"ऐकलं की. पाऊस पडला. कुणीतरी चाललं."

"चारी बाजूंनी आला ना पाऊस? तुम्ही कुठं बसला होता?"

संगप्पानं मलप्पाकडं पाहिलं. मलप्पानं अम्मारकडं. अम्मारची बस गेली होती. त्यानं गुपचूप ड्रिलची वायर उलगडायला घेतली.

"बसलो नव्हतो, बाई," संगप्पा म्हणाला. "थांब. तुझ्या काकाला विचारून सांगतो, कुठं बसायचं ते."