ताण झेपत नाही

फिलिपिन्समधल्या इलोइलो शहरात, कॉम्प्युटरवर गोळीबाराची लढाई खेळणाऱ्या पोरांत मेरिसेलसारखा नेम कुणाचा नव्हता. तिच्याशी भांडणारेसुद्धा हे कबूल करत. मनिलाच्या एका क्लबची माणसं शनिवारचा सामना बघून शहरातून एकच खेळाडू उचलणार होती. तिला घेतलं तर राहणं-जेवण क्लबचं, आणि दिवसभर खेळायचं हेच काम. अडचण एकच. लढाई ऐन रंगात आली की तिचा कॉम्प्युटर बंद पडे. अडखळणं नाही, कुरकुर नाही, फुंकर मारून दिवा विझवावा तसा. आई त्यावर तासन् तास मालिका बघे, तेव्हा मात्र त्याला काही होत नसे.

संघातली पोरं म्हणू लागली, गोळीबार सुरू झाला की बाईसाहेबांना आईची हाक येते.

कॉम्प्युटर जोडून दिला होता निनाँग तेओने. बाप्तिस्म्याच्या वेळी तिला हातात धरलेला हा धर्मबाप, आणि वडील गेल्यापासून घराचा आधार. तो आपलं कॉम्प्युटरचं दुकान सोडून आला. मेमरीच्या पट्ट्या काढून त्यांच्या सोनेरी कडा खोडरबराने घासल्या, पंखे पुसले, आधी उकाड्याला बोल लावला, मग शहरातल्या विजेला. पॉवर सप्लाय बदलून बघू या का, असं मेरिसेलने भीतभीत विचारलं. त्या खोक्यावर ‘ट्रू रेटेड’ अशी चिठ्ठी होती. तिच्यावर बोट ठेवून तो म्हणाला, लिहिलीय तेवढी वीज देणारं खरं खोकं आहे हे, इंदाय, पोरी माझे, याच्यावर संशय नको. आईने लेकीकडे डोळे वटारले. धर्मबापाला शिकवायला निघाली!

शनिवारी संघ जिंकत आला होता. समोर दोघे उरले, इकडून मेरिसेल एकटी. तिने नेम धरला आणि पडदा काळा झाला.

क्लबचा माणूस सभ्य होता. त्याने एवढंच कळवलं, की हात चांगला आहे, पण मुलीला ताण झेपत नाही.

सोमवारी संघातला आर्विन स्वतःच्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय काढून घेऊन आला. तो जोडून दुपारभर खेळले, एकदाही अंधार झाला नाही. मग आर्विनने जुन्या खोक्यावरची चिठ्ठी नखाने उचलली. खाली दुसरी निघाली, निम्म्या ताकदीची. खोकं उघडलं तर आत, हाताला जड लागावं म्हणून चिकटवलेला सिमेंटचा गोळा.

“पळत कोण होतं ते कळलं,” आर्विन म्हणाला. हसलं कुणीच नाही.

पवित्र आठवडा लागला होता. चॅपेलमध्ये प्रभूच्या दुःखाची गाथा, पासियोन, अखंड गायली जात होती. निनाँग तेओ आपल्या पाळीची वाट बघत बाहेर कॉफी पीत बसला होता. तिने खोकं त्याच्यासमोर ठेवलं. आत काय आहे, हे त्याला बघावं लागलं नाही.

“मुलीची जात. वाटलं, चार दिवस खेळशील आणि सोडशील. तेवढ्याला हे पुरलं असतं,” तो म्हणाला. “नवं देतो. आजच.”

“नवं नको. क्लबला फोन करा, निनाँग. सांगा, मशीन पडलं, मी नाही.”

“दुकानाचं नाव जाईल गं, इंदाय.”

आतून त्याला हाक आली. कप ठेवून, तोंड पुसून तो उठला. दाराशी बसलेल्या म्हाताऱ्यांनी सरकून मेरिसेलला बाकावर जागा करून दिली, तिला नाही म्हणता आलं नाही. गाथेत प्रभू खांद्यावर क्रूस घेऊन चढण चढत होता, आणि तेओचा आवाज त्याच्यामागून पाय ओढत चालला होता. असा गोड, असा कळवळ्याचा सूर, की बायांनी पदर नसले तरी बाह्यांनी डोळे टिपले. मेरिसेललाही रडू आलं. त्या रडण्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला.