जावईबापूंचा राखीव रेग्युलेटर

एकतीस वर्षं मी पाणबुड्यांचे रेग्युलेटर उघडते, धुते आणि पुन्हा जोडते. सिलिंडरमधली हवा भलत्या जोराची असते. ती माणसाला झेपेल इतकी मऊ करून तोंडात द्यायची, हे रेग्युलेटरचं काम. आमच्या प्रशिक्षण केंद्रातले लहानथोर मला मावशी म्हणतात, आणि मावशीच्या टेबलावरून गेलेल्या रेग्युलेटरने आजवर कुणाला दगा दिलेला नाही. हे मी माझ्याच तोंडाने सांगते, कारण दुसरं कुणी सांगेल म्हणून वाट बघत बसायला मला वेळ नाही.

माझी एकुलती एक लेक त्याच केंद्रात पाण्याखाली उतरायला शिकवते. लग्न मात्र तिने केलं कवळ्या बनवणाऱ्याशी. माणूस वाईट नाही. पण दिवसभर प्लास्टरच्या जबड्यांत मान घालून बसतो, बोलतो इतकं हळू की अर्धं वाक्य आपणच जोडून घ्यायचं, आणि साधं बरणीचं झाकण उघडायचं तरी आधी चारी बाजूंनी निरखून बघतो. माझी वरची कवळी त्यानेच केलेली आहे. बसते झकास, पण हे त्याला सांगायच्या भानगडीत मी पडले नव्हते.

तर या जावईबापूंनी वर्षभरात गुपचूप आधी पोहणं आणि मग डायव्हिंग शिकून घेतलं, परीक्षा दिली, पासही झाले. आणि एका संध्याकाळी लेकीने जेवता जेवता सांगून टाकलं, "रविवारी आम्ही दोघं समुद्रात उतरतोय. माझा जोडीदार हाच."

मी हातातला घास ताटात ठेवला. पाण्याखाली जोडीदार म्हणजे नुसती सोबत नव्हे. एकाची हवा संपली तर दोघांनी एकाच सिलिंडरवर श्वास घेत वर यायचं असतं. त्यासाठी प्रत्येकाकडे तोंडातल्या रेग्युलेटरशिवाय आणखी एक असतो, पिवळ्या रंगाचा, लांब नळीचा, छातीवर अडकवलेला. तो राखीव. आजवर माझी लेक मुरलेल्या पाणबुड्यांबरोबर उतरत आली होती. आता वेळ आलीच, तर तिचा जीव या माणसाच्या छातीवरच्या पिवळ्या डबीवर लटकणार होता.

"राखीव तुम्हीच निवडायचा आणि तुम्हीच बसवायचा," मी जावयाला बजावलं. "मी फक्त तपासणार. माझ्या टेबलावर पास झाला तर जा. नाही झाला तर रविवारी घरी बसून जबडे घासा."

"आई," लेक तिच्या ठेवणीतल्या सुरात म्हणाली.

"चालेल," तो म्हणाला. एवढंच.

बुधवारी कामावरून सुटल्यावर तो आमच्या भांडारात आला. भांडारवाल्याने काउंटरवर खोकी मांडली आणि नेहमीची टेप लावली. राखीवाला कशाला पैसे घालवता, तो वापरायचा कुठे असतो, हा चपटा घ्या, हलका आहे, सगळे हाच नेतात. मी मागच्या टेबलावर रबरी कड्या निवडत होते, म्हणजे निवडायचं सोंग करत होते. माझे कान तिकडेच होते.

"वापरायची वेळ आलीच," जावई म्हणाला, "तर हा कुणाच्या तोंडात असेल?"

"जोडीदाराच्या."

"आणि तेव्हा तो माणूस कसा असेल?"

"कसा असणार? हवा संपलेली. जाम घाबरलेला."

"मग हा माझ्या स्वतःच्याहून बरा हवा."

भांडारवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी कड्यांकडे बघितलं. बोलणं पटलं होतं, पण लगेच मान डोलावली तर सासूपणाला काय अर्थ राहिला.

दीड तास लावला त्याने. भांडारवाल्याच्या नाकी नऊ आले. शेवटी आपल्या तोंडातल्या रेग्युलेटरच्याच जातीचा, पिवळ्या झाकणाचा घेतला. मग तोंडात धरायचं रबर काढलं आणि दुसरं मागितलं, मऊ आणि चावायला रुंद जागा असलेलं. "घाबरलेला माणूस दात आवळतो," तो म्हणाला. "जागा अरुंद असली की रबर निसटतं." हे मला एकतीस वर्षांत सुचलं नव्हतं. पण मी काही जबडेवाली नव्हे.

गुरुवारी तो माझ्या टेबलाशी जोडणीला बसला. पहिल्याच फटक्यात चुकला. नळी डाव्या बाजूने घेतली. मी समोर उभी राहिले आणि म्हटलं, "द्या." त्याने पिवळा पुढे केला, तो माझ्या तोंडाशी उलटा आला. उलटा आला की आत शिरलेलं पाणी बाहेर जात नाही, घशात जातं.

"माझ्या लेकीला गटांगळ्या खायला लावायचा बेत आहे का?"

त्याने नळी सोडवली, उजव्या खांद्यावरून घेतली, आणि मला पुन्हा समोर उभं केलं. एकदा, दोनदा, दहादा. डोळे मिटून दिला, डाव्या हाताने दिला. माझे पाय दुखायला लागले, त्याचे हात काही थांबेनात.

मग श्वासाचा जोर जुळवायचा. स्प्रिंग फार सैल ठेवली तर धक्का लागताच हवा आपोआप सुटते आणि सिलिंडर रिकामा होतो. फार आवळली तर श्वास ओढायला ताकद लागते. त्याने टबातल्या पाण्यात धरला, तो फसफसला. म्हणून त्याने आवळला, आणि जरा जास्तच आवळला.

"ओढून बघितला, ठीक आहे," तो म्हणाला.

"तुम्ही खुर्चीत बसून ओढताय. पोटात अन्न, डोक्यावर पंखा. बोबडी वळलेल्या माणसाला हा ओढवणार आहे का?"

 त्याने पुन्हा पाना घेतला. मी तीन वेळा फिरवून जुळवते. त्याने अकरा वेळा फिरवला, दर वेळी टबात बुडवला, दर वेळी मापाचा काटा बघितला. शेवटी मी हातात घेतला. तोंड वर करून बुडवला, खाली करून बुडवला, झटका दिला, आपटला. फसफस नाही, आणि श्वास लोण्यासारखा. चूक शोधून शोधून मी दमले.

"पास," मी म्हटलं. जीभ जड झाली होती.

"अजून नाही," तो म्हणाला. "हा घाबरलेल्या माणसासाठी आहे. घाबरलेल्या माणसाने अजून वापरलेलाच नाही."

"मग शोधा एखादा."

"सापडलाय." त्याने पाना जागेवर ठेवला. "आई, तुम्हीच."

लेक दारात उभी होती, तिला काही कळेना. मला मात्र लख्ख कळलं. एकतीस वर्षांत मी एकदाही पाण्याखाली डोकं घातलेलं नाही. माझं पाणी टबाएवढं, कोपरापर्यंत. कुणी तलावात बोलावलं की माझा कान दुखायचा, आणि माझा कान दुखतो हे अख्ख्या केंद्राला पाठ होतं. लेकसुद्धा त्यावर विश्वास ठेवून मोठी झाली. हा माणूस तीन वर्षं आमच्या घरात हळू आवाजात बोलत होता, आणि बघत होता.

"पण आईचा कान?" लेक म्हणाली.

"कानाला काही झालेलं नाही," मी म्हटलं. खोटं बोलता आलं असतं. पण तो हसत नव्हता, म्हणून नाही बोलले. संताप खूप आला होता, आणि तो खरं बोलला याचाच जास्त आला होता.

शुक्रवारी दुपारी सरावाच्या तलावाच्या उथळ टोकाला आम्ही तिघं उतरलो. उभं राहिलं तर पाणी छातीला. गुडघ्यावर बसलं की डोक्यावर वीतभर.

"कवळी काढू का?" मी विचारलं.

"राहू द्या. ती हलायची नाही," तो म्हणाला.

खेळ सोपा होता. मी माझ्या सिलिंडरवर पाचसहा श्वास घ्यायचे, मग हवा संपल्याची खूण करून माझा रेग्युलेटर तोंडातून काढायचा. तो पिवळा पुढे करणार, मी तो तोंडात धरायचा. हे मी हजार लोकांना टेबलावरून तोंडपाठ सांगितलं आहे. मी खाली बसले. पाणी कानावरून, मग डोक्यावरून गेलं. श्वास घेतला तर आला. माझ्याच हातचा रेग्युलेटर होता. खूण केली. रेग्युलेटर काढला.

आणि डोकं जागेवरून गेलं. तोंडात पाणी, डोळ्यांपुढे बुडबुडे. पिवळा माझ्या नाकासमोर होता, सुलटा, हातभर अंतरावर, जावयाने धरलेला. मला तो दिसला नाही. मला फक्त त्याच्या तोंडातला काळा दिसला, कारण हवा तिथून येत होती. मी तो धरला आणि त्याच्या तोंडातून ओरबाडून काढला.

दुसरा कुणी असता तर मागे सरला असता, मला ढकललं असतं. हा हलला नाही. त्याने काळा सोडून दिला, माझ्या तोंडात बसेपर्यंत खालून हात लावून आधार दिला, आणि मग पिवळा शांतपणे आपल्या तोंडात घातला. दुसऱ्या हाताने माझ्या खांद्यावरचा पट्टा घट्ट धरला होता. माझ्या डोळ्यांत बघत त्याने एक लांब श्वास सोडला. मीही सोडला. मग आणखी एक. आठव्या की नवव्या श्वासाला मला आठवलं की नुसतं उभं राहिलं तरी चालणार आहे. पण मी उठले नाही. मी तशीच बसून राहिले, पाण्याखाली, या माणसाच्या हवेवर, आणि मला भीती वाटत नव्हती.

वर आल्यावर लेकीने मला मिठी मारली. मी खोकत होते. जावई पायरीवर बसून नळ्यांकडे बघत होता, बरणीच्या झाकणाकडे बघतो तसाच.

"आई, घाबरलेला माणूस पिवळा घेत नाही," तो म्हणाला. "तोंडातलाच ओढतो. मग लांब नळी काळ्याला हवी. पिवळा आखूड करून माझ्याच हनुवटीखाली बांधतो. काळा गेला की मला लगेच मिळेल."

असं बांधणारे काही पाणबुडे असतात, हे मला माहीत होतं. एकतीस वर्षं मी त्यांना हसत होते. छातीवर पिवळा लावा, घाबरलेल्याला तो बरोबर दिसतो, हे छातीठोकपणे सांगत होते. आणि घाबरलेलं माणूस कसं असतं, हे मी बघितलेलंच नव्हतं. त्या दिवशी ते माणूस मीच निघाले.

"बांधा," मी म्हटलं. "मी पाना देते."

संध्याकाळी टेबलाशी माझ्या स्वतःच्या खुर्चीवर तो बसला आणि मी शेजारी उभी राहून त्याला हवी ती हत्यारं देत गेले. ती खुर्ची त्याआधी मी कुणालाच दिली नव्हती.

रविवारी धक्क्यावर बोट लागली तेव्हा केंद्रातला एक जुना शिक्षक जावयाच्या गळ्यातला पिवळा बघून हसला. "मावशी, हे काय? गळ्यात घंटा बांधल्यासारखं? तुमच्या नजरेतून सुटलं वाटतं."

"सुटलेलं नाही," मी म्हटलं, आणि सगळ्या बोटीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं. "माझ्या जावयाने बांधलंय. एकतीस वर्षांत मला जे कळलं नाही, ते त्याला माझ्या एका घाबरण्यात कळलं. सोमवारी टेबलाशी या, तो तुम्हालाही शिकवेल."

जावई कानापर्यंत लाल झाला. लग्नानंतर त्याच्याबद्दल माझ्या तोंडून निघालेला हा पहिला चांगला शब्द होता, आणि तो मी पंधरा माणसांसमोर काढला.

मला धक्क्यावर सोडून बोट निघाली आणि नजरेच्या टप्प्यात थांबली. दोघं बोटीच्या काठावर बसले, एकमेकांचे पट्टे तपासले आणि पाण्यात गेले. लेक पाण्याखाली गेली की मी धक्क्यावर उभी राहून तिची वाट बघते, हे वर्षानुवर्षं चालत आलंय. त्या दिवशी मी दोघांची वाट बघत होते.