फॉर्मवरचं ‘नाही’

“तू राहू दे रे. तुला नाही जमायचं.”

बाबांचा हा आवाज दादाच्या कानात चाळीस वर्षं मुक्कामाला होता. रागाचा असता तर दादानं त्याच्याशी भांडण तरी काढलं असतं. पण आवाज मऊ होता, मायेचा होता, म्हणूनच वर्मी बसायचा. पोरगा अंगानं काडी, पाठीत जन्माचा बाक. पाण्याची बादली उचलायला गेला, की तू राहू दे. कपाट सरकवायला गेला, की तू राहू दे. पुढे बाबा गेले आणि त्यांचं वाक्य घरानं आपसांत वाटून घेतलं. धाकट्या बहिणीच्या नव्या घरात सामान चढवायचं होतं, तेव्हा मेहुणे दोन ट्रंका उचलता उचलता म्हणाले, “दादा, तुम्ही राहू द्या हो. तुम्ही नुसते उभे राहा, आम्हाला धीर येतो.” सगळे हसले. दादाही हसला.

तो लाकडाला पॉलिश करायचा. जुनं, मळकं, कुणी अडगळीत टाकलेलं टेबल त्याच्या हाताखालून गेलं की त्यात तोंड बघून भांग पाडावा. दिवसभर वाकून वाकून पाठीची मात्र दोरी व्हायची. मग संध्याकाळी ॲस्पिरिनच्या दोन गोळ्या, वर तांब्याभर पाणी. ही सवय इतकी जुनी, की आपण औषध घेतो हे त्याचं त्यालाही वाटेनासं झालं होतं.

धाकटीला डेंग्यू झाला आणि सगळं घर दवाखान्यात येऊन बसलं. धाकटी म्हणजे घरातला वारा. मोटार चालवायला शिकवायची. भल्याभल्या बाप्यांना शेजारच्या सीटवरून दरडावायची, “क्लच हळू सोडा, तुमच्या सासऱ्याची गाडी नाही ही!” तीच आता पांढऱ्या चादरीवर, चादरीसारखीच होऊन पडलेली.

चौथ्या दिवशी ताप उतरला, तेव्हा आईनं हात जोडले. डॉक्टरीणबाई मात्र म्हणाल्या, “खरी काळजी आता. ताप उतरल्यावरचे दोन दिवस हा आजार डाव साधतो.”

प्लेटलेट बावीस हजारांवर आल्या होत्या. मेहुणे आकड्यामागे लागले होते. “बाई, वाट कसली बघताय? प्लेटलेट चढवा की!”

“आकड्याला नाही चढवत आम्ही, रक्तस्रावाला चढवतो,” बाई शांतपणे म्हणाल्या. “त्यांना कुठून रक्त जात नाहीये. उगाच दिल्या तर फायदा नाही, त्रास मात्र होऊ शकतो. तशी वेळ आली तर मी एक मिनिट थांबणार नाही.”

वेळ दुसऱ्याच सकाळी आली. दात घासताना धाकटीच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं ते थांबेना. त्यात तिची पाळी सुरू झाली, तीही अशी, की सिस्टरनं पडदा ओढला आणि तासाभरात तीनदा चादर बदलली. आकडा नऊ हजारांवर आला. बाई खरंच एक मिनिट थांबल्या नाहीत. पण रक्तपेढीत तिच्या गटाची पिशवी शिल्लक नव्हती. गावभर डेंग्यू, मागणी सगळीकडून. दाता आणा, मशीनवर त्याच्याकडून नुसत्या प्लेटलेट काढून घेऊ, असं ठरलं.

मेहुण्यांचा गट वेगळा. आईचं वय झालेलं. दादाचा गट मात्र बहिणीच्या गटाशी तंतोतंत जुळला. आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळ्या घरानं त्याच्याकडे तोंड करून एका सुरात म्हटलं, “दादा, तूच!”

तो जिना असा उतरला, की पाठीतला बाक जणू वरच राहिला.

रक्तपेढीतला तंत्रज्ञ गोलमटोल आणि बोलघेवडा होता. त्यानं वजन केलं, हाताची शीर टिचकी मारून पाहिली. “काका, अंग काडी आहे, पण शीर काय आहे! नळाला लाज आणेल.” दादाला आपल्या शिरेचा अभिमान वाटला. तपासणीसाठी रक्त घेऊन झालं आणि तंत्रज्ञानं फॉर्म पुढे ओढला. कावीळ? नाही. दारू? नाही. मलेरिया? नाही.

“गेल्या तीन दिवसांत ॲस्पिरिन, पाठदुखी-डोकेदुखीची कुठली गोळी?”

दादाच्या जिभेवर ‘काल संध्याकाळी’ आलं होतं.

“हे नीट आठवून सांगा हं,” पेन थांबवून तो म्हणाला. “त्या गोळीनं प्लेटलेट झोपतात. मोजायला गेलं तर सगळ्या हजर, कामाला एक उठत नाही. घेतली असेल तर तुम्ही राहू द्या, आपण दुसरं कुणी बघू.”

राहू द्या. काचेच्या दरवाज्यापलीकडे आई आणि मेहुणे उभे होते. आईनं पदर दोन्ही मुठींत धरला होता. आता बाहेर जाऊन काय सांगायचं? की याही कामाला मी नाही? मेहुणे म्हणतील, असू दे हो दादा. अगदी मायेनं म्हणतील. दोन गोळ्यांनी असा काय डोंगर कोसळतोय, त्यानं मनाशी म्हटलं.

“नाही,” तो म्हणाला.

पेन पुढे सरकलं.

तपासण्या पुऱ्या होईपर्यंत अकरा वाजले. मग दीड तास तो खुर्चीत रेलून होता. रक्त नळीनं मशीनमध्ये जात होतं, उरलेलं परत अंगात येत होतं. ओठांना मुंग्या आल्या तेव्हा तंत्रज्ञानं चघळायला कॅल्शियमची गोळी दिली. वर टांगलेली पिशवी हळूहळू भरत गेली, लाल नव्हे, पिवळसर. उन्हाला पातळ करून ओतावं तशी. दादा तिच्याकडे बघत राहिला. किती सुंदर होती! असं काहीतरी आपल्या अंगात होतं, याचं त्याला नवल वाटलं. आणि लगेच त्या उन्हातलं झोपलेलं काहीतरी आठवून त्यानं मान वळवली.

धाकटीला पिशवी लावली तेव्हा तिनं ओठांना लागलेलं रक्त पुसत विचारलं, “दादा, तुझं हे माझ्यात आलं की मला टेबलं पॉलिश करता येतील का रे?”

“येतील की.”

“आणि तुला गाडी?”

“मलाही.”

“तू नको. तू आरशात बघूनही मागची भिंत ठोकतोस.” ती हसली आणि हसताना तिच्या दातांच्या फटी लाल दिसल्या.

मेहुण्यांनी त्याला खुर्ची दिली. कधी नव्हे ते त्याच्यासाठी पाण्याची बाटली उघडून दिली. “दादा, आजपासून आम्ही तुमचे ताबेदार,” म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. आई उशाशी बसून गुणगुणायला लागली. तिला शब्द जुळवायची खोड होती. चूल असो की आजारपण, तिच्या तोंडून ओळ निघायचीच.

“वेल माझी गं वाकली, वारा सुटला सोसाट,
मांडवानं दिला हात, त्याची थोपटते पाठ.”

आणि तिनं खरोखरच हात लांब करून त्याची पाठ थोपटली. बरोबर तिथंच, जिथं काल संध्याकाळी दुखत होतं. दादाला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. पाठीवरचा तो हात निखाऱ्यासारखा लागला, पण हलायची सोय नव्हती. तिनं हात काढला तसा तो उठून बाहेर व्हरांड्यात गेला, बेसिनवर तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. आरशात बघवेना.

पिशवी संपली. तासाभरानं आकडा आला. सव्वीस हजार! मेहुण्यांनी मुठी आवळल्या. पण सिस्टर पडद्याआडून आली ती चादरीचा बोळा घेऊन. बोळा लालच होता.

“बाई, थांबत नाहीये,” ती हळूच म्हणाली. “हिरड्याही तशाच. नाडी जलद लागतेय.”

बाईंनी कागद उलटापालटा केला. कपाळाला आठी पडली. “आकडा तर छान चढलाय. भाऊ धडधाकट, पिशवी ताजी. म्हणजे दोष प्लेटलेटचा नाही. आता दुसरीकडे शोधायला हवं. यकृत बघू, रक्त गोठायच्या बाकीच्या तपासण्या पाठवू. वेळ जाईल, पण इलाज नाही.”

भाऊ धडधाकट. दादानं भिंत धरली. आता थांबेल, त्यानं स्वतःला सांगितलं. घटकाभरात आपोआप थांबेल, मग कुणाला कळायचं कारण नाही. पडद्याआडून धाकटीचा आवाज आला, “सिस्टर, पुन्हा ओलं झालं वाटतं.” त्या आवाजात थट्टा नव्हती. भल्याभल्यांना दरडावणारी बाई माफी मागितल्यासारखी बोलत होती. तिला लाज वाटत होती! कशाची?

एवढ्यात सिस्टरच्या टेबलावरचा फोन वाजला. बाईंनी उचलला. रक्तपेढीतून होता.

“हो का? आमच्याच गटाची?” बाई म्हणाल्या. “सकाळी हवी होती हो ती. आत्ता भावाच्या पिशवीनं आमच्या पेशंटचा आकडा सव्वीसवर आणलाय, प्लेटलेटची अडचण राहिली नाही. दुसरीकडून मागणी असेल तर खुशाल सोडा तिकडे.”

मेहुणे मान डोलवत होते. आई दादाकडे बघून मंद हसत होती; सगळ्या वॉर्डाला दिसावं असं हसत होती, की हा बघा, हा माझा. दादानं एकदा त्या हसण्याकडे पाहिलं. ते आता आपल्या डोळ्यांदेखत विझणार, आणि विझवणार आपणच, हे त्याला स्वच्छ दिसलं. तो टेबलापाशी गेला आणि बाईंच्या हातातल्या फोनवर त्यानं आपला हात ठेवला.

“ती पिशवी सोडू नका, बाई.”

“अहो, काय करताय?”

“ती तिला द्या. माझी कामाची नाही.” त्याचा आवाज इतका बारीक निघाला, की आईनं कान पुढे केला. त्यानं घसा खाकरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “काल संध्याकाळी मी ॲस्पिरिन घेतली होती. दोन गोळ्या. त्या माणसानं मला नीट विचारलं होतं, बाई. समजावून विचारलं होतं. मी नाही म्हणून सांगितलं.”