बदली कार्डावरचं पिल्लू

आकांक्षाचं, म्हणजे आमच्या संघमित्राच्या लेकीचं, लग्न झालं ते २०२२ सालच्या मे महिन्यात. त्यानंतर पंधराच दिवसांनी आमच्या ह्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात हळूहळू वळणावर आला, पण पाय ऐकेना. डॉक्टर म्हणाले, "रोज चालले तर चालतील. बसले तर कायमचे बसतील."

आणि हे बसले. काठी घेऊन खाली उतरणार नाही म्हणाले. बीडीडी चाळीत सगळे ओळखीचे, बुधाजी काठीवर आला म्हणतील. मी बोलून थकले, संघमित्रा रडून थकली. मग तिनंच काढलं, बाबांना कुत्रा आणू. मोठा. ओढत खाली नेईल असा.

"एकशेसाठ फुटांची खोली," मी म्हटलं. "त्यात तुझे बाबा, मी, कपाट आणि घोडा?"

पण हे उठून बसले. "बघायला काय जातंय?"

दोन ठिकाणं होती. कोळीवाड्यात जगदीशकडे ग्रेट डेन व्यायली होती, प्रभादेवीला मृणालिनीबाईंकडे लॅब्राडॉर. संघमित्रानं टॅक्सी केली.

जगदीशच्या दारात आठ पिल्लं एकमेकांच्या अंगावर पडलेली. "काका, कुठलंही उचला," जगदीश म्हणाला. "माझी सुकट संपवली मेल्यांनी."

आता ह्यांची गोष्ट सांगायला हवी. हे गिरणीत अकरा वर्षं बदली कार्डावर होते, म्हणजे कायमचा कामगार आला नाही तर त्याच्या जागी. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं. जॉबर, म्हणजे मुकादम, येऊन एकेकाचे हात बघायचा, बोट दाखवायचा तो आत, बाकीचे घरी. त्या दिवशी पहिल्यांदाच हे जॉबर झाले. स्टुलावर बसून एकेकाचा पंजा हातात घेऊन तपासायला लागले.

"ह्याचा पंजा फार मऊ आहे. कष्टाचं दिसत नाही."

"काका, चाळीस दिवसांचं आहे ते!"

"आम्ही सोळाव्या वर्षी उभे राहायचो."

प्रभादेवीला मात्र उलटं झालं. मृणालिनीबाईंनी पिल्लं दाखवायच्या आधी आम्हालाच बसवलं. घर केवढं? लिफ्ट आहे का? रोज फिरवणार कोण?

"मी," हे म्हणाले.

बाईंनी काठीकडे पाहिलं. "मी सगळ्यांनाच विचारते हं आजोबा, राग मानू नका."

बाहेर आल्यावर हे लाल झाले होते. "कमल, ही पिल्लू देतेय का मला भरती करतेय?"

निवड काही झाली नाही. एका दिवसात कुणाला कायम करत नाहीत, आधी हजेरी बघावी लागते, असं ह्यांचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी सकाळी हे कपडे करून तयार. नाक्यावर पाच टॅक्सीवाल्यांना हात केला. कोळीवाडा म्हटलं की पाचही जण न थांबता पुढे निघून गेले. एवढ्या जवळचं भाडं कोण घेणार? सहाव्याला हे म्हणाले, "जा, जा, तुझी गाडीच भंगार आहे," आणि रागानं चालायला लागले. मी मागे. वाटेत तीनदा दुकानांच्या पायऱ्यांवर बसले, सव्वा तास लागला. पण पोचले.

मग रोजचंच झालं. एक दिवस कोळीवाडा, एक दिवस प्रभादेवी. "दोन नंबरचा उशिरा उठतो." "प्रभादेवीचा पिवळा भांडत नाही, पण कामालाही पुढे येत नाही." मला तेव्हा कळलं, पिल्लू घरी आलं की हे त्याला मांडीवर घेऊन बसतील आणि पाय जाईल. म्हणून मी दोष काढायला लागले. ह्यांनी ठिपकेवाला डेन ठरवला की मी म्हणायचे, "संडासच्या लायनीत लोक ह्याला बघून पळतील." पिवळा ठरवला की, "त्याच्या डोळ्यातून पाणी येतं."

संघमित्राचा फोन आला. "आई, पुरे कर, पिल्लं संपत आली."

"पाय संपण्यापेक्षा बरं."

सहा आठवड्यांनी कोळीवाड्यात ठिपकेवाला उरला आणि प्रभादेवीला पिवळा. मृणालिनीबाई म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही इतक्या दिवसांत एकही खाडा केला नाहीत. न्या ह्याला." माझ्याकडे दोष उरला नव्हता. पण हे उठेनात.

"मग त्या दुसऱ्याला परत पाठवायचं?" हे मला म्हणाले. "गेटवरून परत येणं तुला माहीत नाही, कमल. आई ताट वाढायची आणि काही विचारायची नाही."

मी काठी ह्यांच्या हातात दिली आणि आम्ही कोळीवाड्याकडे निघालो. अर्ध्या वाटेवर ह्यांनीच तोड काढली. पिवळा कायम. ठिपकेवाला बदलीवर, राहायला जगदीशकडेच, पण सकाळी फिरवायला हे येणार.

"म्हणजे खायला मी घालायचं?" जगदीश ओरडला.

"तुझ्याकडेच राहणार ना तो? चोरांची भीती नाही. उलट मलाच चहा पाज."

जगदीशनं चहा पाजला. पिल्लांची नावंही पर्मनंट आणि बदली अशीच पडली. पुढे बदली माझ्या कमरेएवढा झाला, तेव्हा सबंध गल्ली अडवून हे तिघं निघायचे आणि कोळणी ओरडायच्या, "बुधाजीकाका, एक बाजू धरा की रं!"

एकदा मी कबूल केलं की दोष मी मुद्दाम काढत होते.

"ठाऊक होतं," हे म्हणाले. "जॉबरला बायको फसवते होय?"

रोज सकाळी, अडीच वर्षं. आजारपणाचे चार-पाच दिवस सोडले तर खाडा नाही. हे गेले ते १८ फेब्रुवारी २०२५ला, मंगळवारी, पहाटे झोपेत. सोमवारी कोळीवाड्यापर्यंत चालून आले होते.